शंभर यार्डांच्या आत

मॅडम, तुमच्या गावी, मैंदर्गीला, तुम्हाला बसवून नेत होते तेव्हा मी बायकांच्या घोळक्यात मागे चालत होते. तुमच्यात दहन करत नाहीत, बसलेल्या स्थितीत पुरतात, हे मला ऐकून माहीत होतं. पाहिलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच. कपाळाला भस्म, गळ्यात शेवंतीचे हार, आणि पाठ तशीच ताठ. क्षणभर वाटलं, आता मान वळवून विचाराल, "रेणुका, आज फिल्डला कोण गेलंय?" त्या दिवशी कुणीच गेलं नव्हतं. कामाच्या दिवशी आपल्या केंद्राला कधी लागलं नव्हतं ते कुलूप लावून आम्ही सगळे एसटीत बसलो होतो. तुम्हाला ते आवडलं नसतं.

पेपरात तुमच्याविषयी छापून आलंय. पदव्या, पदं, कुठल्या कुठल्या समित्या. सगळं बरोबर आहे, फोटोही चांगला आहे. पण मला तुमच्याशी बोलायचंय ते वेगळंच. त्यातलं निम्मं तुम्ही असतानाच बोलायला हवं होतं.

मी आपल्या केंद्रात आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. एमएसडब्ल्यू झालेलं, नोकरी नाही. जाहिरातीत लिहिलं होतं, तंबाखूचा कायदा आणि तंबाखूची विक्री-जाहिरात यांवर काम करणाऱ्या नव्या संशोधकांना वर्षभर प्रशिक्षण. मला वाटलं, वर्गात बसायचं, कायद्याची कलमं पाठ करायची. आम्ही सातजण होतो. पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला खुर्चीवर बसूही दिलं नाहीत. सरळ रिक्षात घातलंत आणि एका प्राथमिक शाळेसमोरच्या टपरीवर नेलंत. म्हणालात, "अर्धा तास नुसतं बघा. विचारायचं नाही, लिहायचं नाही. नोड." नोड म्हणजे बघ. घरची कन्नड अशी मध्येच यायची तुमच्या तोंडात.

आम्ही बघितलं. परत आल्यावर जो तो सांगू लागला, एवढ्या पाकिटांचे एवढे प्रकार, वर अमुक रंगाचा बोर्ड. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "हे तुमच्या उंचीवरून दिसलं. आता तिसरीतल्या लेकराच्या उंचीवर या." दुसऱ्या दिवशी आम्ही सातजण त्याच टपरीसमोर उकिडवे बसलो होतो. येणारे-जाणारे हसत होते. टपरीवाला विचारत होता, काय हरवलंय का. पण खाली बसल्यावर टपरी बदलली, मॅडम. लेकराच्या डोळ्यासमोर चॉकलेटची बरणी होती आणि बरणीला टेकून तंबाखूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या. त्यांचे रंग आणि चॉकलेटच्या कागदाचे रंग एकच. उभं राहिल्यावर हे कुणालाच दिसलं नव्हतं.

आमच्यासोबत तुम्हीही बसला होतात, पन्नाशी उलटलेल्या, इरकली नेसलेल्या. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतलात तेवढंच.

तुम्ही शिकवलेलं मी पुढे पुष्कळ ठिकाणी सांगितलं. एका बसथांब्यावर वेलचीची भली मोठी जाहिरात होती. तुम्ही विचारलंत, "एवढी वेलची सोलापुरात खातंय कोण?" आम्ही हसलो. मग तुम्ही आम्हाला वेलचीचं ते पाकीट शोधायला पाठवलंत. दिवसभर हिंडून एकाही दुकानात मिळालं नाही. त्याच नावाचा तंबाखूचा माल मात्र दुकानोदुकानी होता. आमच्या सातजणांतला इरफान म्हणाला, "मॅडम, सरळ सांगितलं असतं तरी चाललं असतं." तुम्ही म्हणालात, "सांगितलेलं परीक्षेपुरतं राहतं."

आणि तो लाल पेनचा प्रसंग. मी अहवालात लिहिलं होतं, 'विक्रेते अशिक्षित असल्यामुळे त्यांना कायदा माहीत नाही.' तुम्ही 'अशिक्षित असल्यामुळे' याखाली रेघ मारून समासात लिहिलंत, 'विचारलंस?' मी विचारलं नव्हतं. परत जाऊन विचारलं तर त्यातला एकजण बीकॉम निघाला, आणि कायद्याचं कलम त्याला माझ्यापेक्षा नीट पाठ होतं.

आता मामाच्या टपरीचं सांगते.

शाळेच्या आवारापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे. आमच्या पहिल्या मोठ्या कामात शहरातल्या निवडक शाळांभोवतीची दुकानं मोजायची होती. शाळेच्या भिंतीपासून दुकानापर्यंत सरळ रेषेत किती अंतर, हे नोंदवायचं. रस्त्यानं किती चालावं लागतं ते नाही, हे तुम्ही फळ्यावर आकृती काढून तीनदा समजावलं होतं. अहवालात दुकानदाराचं नाव येणार नव्हतं, नुसता क्रमांक. मला नेमून दिलेल्या चार शाळांपैकी एक आमच्याच पेठेतली होती. तिच्या मागच्या भिंतीलगतच्या बोळात माझ्या सख्ख्या मामाची टपरी.

मी केंद्रात कुणालाच सांगितलं नव्हतं की माझी अम्मा बिड्या वळते आणि मामा टपरी चालवतो. घरच्यांविषयी विचारलं की मी म्हणायचे, आई घरीच असते. खोटं नव्हतं ते. अम्मा खरंच घरीच असायची, मांडीवर सूप घेऊन, अकराव्या वर्षापासून. माझी फी, माझी पुस्तकं त्या सुपातूनच आली. दहावीनंतर माझं शिक्षण थांबणार होतं तेव्हा वडिलांशी भांडून मला कॉलेजात घातलं ते मामानं.

त्या दुपारी मी शाळेच्या फाटकापासून मोजायला सुरुवात केली. फाटकातून रस्त्यानं, कोपऱ्यावर वळून, बोळात शिरून टपरीपर्यंत. शंभर यार्डांच्या चांगलं पलीकडे भरलं. मी तोच आकडा फॉर्मवर लिहिला. मामानं मला गुळाचा चहा पाजला. "काय मोजालीस गं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "कॉलेजचं काम आहे."

दहातला एक फॉर्म तुम्ही स्वतः जागेवर जाऊन तपासायचात. कुठला, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. त्या वेळी चिठ्ठी निघाली ती नेमकी त्या फॉर्मची. खरंच चिठ्ठी निघाली होती, की फॉर्म बघून तुम्हाला शंका आली होती? हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत. दार लावून घेतलंत. नकाशा समोर ठेवला होता.

"रेणुका, हे तू रस्त्यानं मोजलंयस."

"हो मॅडम."

"सरळ रेषेत मोजायचं, हे तुला माहीत नव्हतं, की माहीत होतं?"

तुमच्या आवाजात राग नव्हता. तुम्ही खरंच विचारत होता. मी म्हटलं, "लक्षात नाही राहिलं, मॅडम. चुकलं."

तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ पाहिलंत. मग चष्मा पुसलात, उठलात, कपाटातून टेप काढलीत. "चल. एक टोक मी धरते."

भिंतीला टेपचं एक टोक लावून तुम्ही उभ्या राहिलात आणि दुसरं टोक धरून मी मामाच्या टपरीपर्यंत गेले. शंभर यार्डांच्या निम्मंदेखील भरलं नाही. मामा बघत होता. तुम्हाला माहीत नव्हतं तो माझा कोण ते, निदान मला तसं वाटत होतं. मी मान खाली घालून आकडा वाचला. मामा आमच्या घरच्या तेलुगूत हळूच म्हणाला, "हेच का ते कॉलेजचं काम?" माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे, पण तुम्ही लगेच टेप गुंडाळलीत आणि परतीच्या रिक्षात विचारलंत, "कोण आहेत तुझे?"

"मामा."

उतरताना म्हणालात, "आधी सांगितलं असतंस तर ती शाळा दुसऱ्याला दिली असती. घरच्या माणसावर टेप धरायला मी कुणाला लावत नाही."

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला अम्मा नेहमीसारखी राखी घेऊन भावाकडे गेली. पेठेत पौर्णिमेच्या रथयात्रेची गर्दी होती. मामानं दार उघडलं, पण हात पुढे केला नाही. म्हणाला, "तुझ्या लेकीनं माझ्या पोटावर टेप लावली." अम्मा राखी तशीच परत घेऊन आली आणि देवापाशी ठेवून पुन्हा सुपाशी बसली. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

अहवालात मामा एक क्रमांक होता, नाव कुणाला कळणार नव्हतं, हे मी त्याला सांगायला गेले तर त्यानं टपरीचं फळकूट खाली ओढलं.

हे सगळं तुम्हाला मी सांगितलं ते रडतच. तुम्ही सांत्वन केलं नाहीत. विचारलंत, "मामा दुपारी किती वाजता मोकळे असतात?"

तुम्ही त्याच्याकडे गेलात हे मला कळलं. पण किती वेळा गेलात ते आत्ता कळलं, मॅडम, तुमच्या मातीला मामा माझ्यासोबत मैंदर्गीला आला तेव्हा. एसटीत खिडकीशी बसून तो आपणहून सांगू लागला. "पहिल्या येळेला आली तर मी बोललोच न्हाय. पाच रुपयाचं बिस्कीट घेतली, गेली. दुसऱ्या येळेला म्हणाली, भिंतीकडचं टोक मी धरलं होतं, भांडायचं तर माझ्याशी भांडा. मी भांडलो की. लई बोललो. ऐकून घेतली सगळं. मग म्हणाली, कंपनीचा माणूस येतो ना तुमच्याकडं, तो काय काय बोलतो ते मला शिकवा." मामा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला आजपातूर कुणी म्हणलं न्हवतं, शिकवा म्हणून."

पुढच्या तुकडीच्या प्रशिक्षणात अंतर मोजण्याचा तास तुम्ही मला दिलात. ज्या गोष्टीत मी चुकले होते नेमकी तीच शिकवायला. मी तयारी करून वर्गात शिरले तर समोर तुमच्या खुर्चीवर मामा बसलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. माझे पाय दारातच थबकले. तुम्ही मागच्या बाकावरून म्हणालात, "आधी सरांचा तास आहे. तू बस."

सर. नवी मुलं त्याला सर म्हणत होती.

मामानं आधी घसा खाकरला आणि मग असा काही सुरू झाला की मी वही उघडून लिहू लागले. "कंपनीचा माणूस पहिल्यांदा माल दाखवत न्हाय. चहा पितो. घरचं विचारतो, पोरं काय करतात विचारतो. चारदा येतो. मग म्हणतो, टपरीला नवा पत्रा घालून देतो, दिवा लावून देतो, रंग मारून देतो. फुकट. वर फक्त आमचा बोर्ड. मग सांगतो, नवा माल मधल्या फळीवर ठेवा, चॉकलेट खाली. पोरगं चॉकलेट घेतंय आणि मान वर करतंय की. तितं काय दिसतं त्याला?"

एका मुलानं जरा चढ्या आवाजात विचारलं, "मग तुम्ही त्याला लावू का दिलंत?"

मामा म्हणाला, "पावसात पत्रा गळत होता की."

आमच्या आधीच्या अहवालात, माझ्याच हातच्या, 'विक्रेत्यांचा कंपन्यांना मिळणारा प्रतिसाद' असं एक अख्खं पान होतं. त्यात गळणारा पत्रा कुठेच नव्हता.

मग माझा तास. मामा उठला नाही. "हिचा बी तास हाय न्हवं? ऐकतो की." मी फळ्यावर शाळेचा चौकोन काढला, मागचा बोळ काढला, टपरीचा ठिपका काढला. दोन रेषा काढल्या, एक रस्त्यानं वळत जाणारी, एक सरळ. म्हटलं, "पहिली रेषा चूक. तिथं आपण दुकानदाराला नाही, स्वतःला सवलत देत असतो." हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. मागच्या बाकावर तुम्ही होतात, पुढे खुर्चीवर मामा होता. मी दोघांकडेही न बघता खडू ठेवला.

त्या श्रावणात मामानं हात पुढे केला. अम्मानं दोन वर्षांच्या दोन राख्या बांधल्या. टपरी त्यानं काही महिन्यांनी चौकाच्या पलीकडे हलवली. कायद्यामुळे नाही, शाळेच्या भिंतीचं काम निघालं म्हणून, असं तो अजून सांगतो. मला फोन करून म्हणाला, "आता ये, मोज की."

आपला एक वाद मात्र तसाच राहिला. बिडीचा. तुमचं म्हणणं, बिडी गरिबाची म्हणून तिला सूट नको. तंबाखू तो तंबाखू, इशाऱ्याचं चित्र तेवढंच मोठं हवं, कर तसाच हवा. मी म्हणायचे, आणि वळणारीच्या हाताला दुसरं काम कोण देणार? तुम्ही म्हणायचात, वळणारीच्या छातीत जी धूळ जाते तिचं काय? मी म्हणायचे, ती धूळ आमच्या घरात आहे मॅडम, मला नका सांगू. एकदा चिंचोळी एमआयडीसीतून परत येताना आपण रिक्षात इतक्या भांडलो की रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "मावशी, उतरता का हितं?"

मग एका दुपारी तुम्ही घरी आलात. अम्मानं सूप बाजूला ठेवून तुम्हाला पाट दिला. पाणी दिल्या दिल्या सरळ विचारलं, "बाई, बिडी बंद झाली तर आमी काय करायचं?" मी तुमच्याकडे बघत होते. तुमच्याकडे आकडे होते, दुसऱ्या राज्यांतले प्रयोग होते, शिलाई मशीनच्या योजना होत्या. तुम्ही त्यातलं काहीच काढलं नाहीत.

"मला माहीत नाही," तुम्ही म्हणालात. "शोधतोय आम्ही. सापडलेलं नाही. तुम्हाला खोटं सांगणार नाही."

अम्मा मान हलवत राहिली. तुम्ही गेल्यावर म्हणाली, "ही खरं बोलणारी हाय." तुमच्या जाण्याची बातमी सांगितली तेव्हाही तिनं हेच म्हटलं, आणि त्या दिवशी तिनं सूप घेतलं नाही. वाद अजून तिथंच आहे, मॅडम. मी तुमचं म्हणणं आता वर्गात मांडते तेव्हा माझ्यापेक्षा तुमच्या बाजूनं जोरात बोलते. घरी आले की माझ्याच बाजूची होते.

राहिलं ते एक. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मी ते सांगायलाच आले होते. तुमच्या नाकात नळी होती आणि पोटावर कुणा नव्या मुलीचे फॉर्म. तुम्ही पेन्सिलीनं खुणा करत होतात. नर्स ओरडली तर म्हणालात, "एवढं पान." मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "मॅडम, तुम्ही मला एकदा एक विचारलं होतं." तुम्ही वर पाहिलंत. बराच वेळ पाहिलंत. मी म्हटलं, "काही नाही. नंतर बोलू." तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात आणि म्हणालात, "पाणी दे जरा."

नंतर झालंच नाही. आता सांगते. मला माहीत होतं, मॅडम. सरळ रेषेत मोजायचं हे मला त्या दुपारी फाटकात उभी असताना पक्कं माहीत होतं. विसरले नव्हते. तुम्ही दार लावून विचारलंत तेव्हा मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले, आणि त्या खोट्यावर तुम्ही मला शिकवायला उभं केलंत. इतकी वर्षं कुणी माझं कौतुक केलं, नेमकं काम करते म्हणालं, की मला ती केबिन आठवायची. तुम्हाला कळलं होतं का? दवाखान्यात तुम्ही तसं पाहिलंत ते कळलं होतं म्हणून, की नळीचा त्रास होत होता म्हणून? मला कळण्याचा आता काही मार्ग नाही.

काल नव्या तुकडीचा पहिला महिना संपला. या वेळी सगळं मीच घेतेय, दुसरं कुणी नाही. अंतर मोजण्याच्या तासाला मी त्यांना ही गोष्ट सांगितली. टपरी कुणाची होती ते सांगितलं, तुम्ही काय विचारलंत ते सांगितलं, आणि मी काय उत्तर दिलं तेही. एकानं विचारलं, "मग मॅडमना माहीत होतं?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

तास सुटल्यावर सगळे गेले. अकलूजची एक मुलगी आहे, तेजस्विनी. हुशार आहे, अक्षर मोत्यासारखं, फॉर्म सर्वांच्या आधी देते. ती बॅगेचा पट्टा धरून दारात घुटमळत राहिली. मग आत आली आणि माझ्या टेबलावर दोन फॉर्म ठेवले.

"मॅडम, हे मी तिथं न जाता भरलेत. घरी बसून."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि ओरडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. मी बाजूची खुर्ची ओढली, तिला बसवलं, आणि कुठली दुकानं ते विचारलं. अकलूजचीच, साखर कारखान्याच्या रस्त्यावरची होती. तिथं ती मागच्या वेळी एकटी गेली होती तेव्हा काही माणसं टपरीवर बसून तिला नको ते बोलली होती. पुन्हा जायचं धाडस झालं नाही, आणि कुणाला सांगावं ते सुचलं नाही.

मॅडम, मला हे फॉर्म बघून कधीच कळलं नसतं. इतके नीट भरले होते.

उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी अकलूजला जातोय.